कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करण्याची औषधं: कोणतं, कोणाला आणि कसं प्यायचं

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं आतून दुर्बिणीने तपासण्याची, तारीख ठरली की हातात एक कागद येतो: ही पावडर दोन लिटर पाण्यात, रात्री या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी या. मेडिकलमध्ये त्या नावाची पावडर नसली तर दुकानदार छोट्या बाटल्यांचा जोड पुढे करतो. नात्यातल्या कुणाला गेल्या वर्षी तिसरंच काही दिलेलं असतं. मग यातलं बरं कोणतं, हा प्रश्न पडतोच. सरळ सांगायचं तर नीट आणि वेळेवर घेतली तर यातली बहुतेक औषधं आतडं पुरेसं साफ करतात. ती वेगळी ठरतात ती तुमचं वय, मूत्रपिंड आणि हृदय यांच्या बाबतीत. म्हणून निवड करताना आधी सुरक्षितता पाहायची. चव आणि प्रमाण त्यानंतर. आणि आतडं किती स्वच्छ निघेल हे सगळ्यात जास्त अवलंबून असतं दुसरा डोस किती वाजता घेतला यावर.

या वेळेमागचं कारण आधी समजून घ्या, म्हणजे पहाटे उठायचा कंटाळा येणार नाही. मोठ्या आतड्याची सुरुवात पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात होते. लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव तिथे रात्रभर उतरत राहतात. सगळं औषध आदल्या संध्याकाळीच संपवलं तर सकाळपर्यंत त्या भागावर पिवळसर चिकट थर बसतो. उजव्या बाजूला सपाट, आतड्याच्या रंगाशी मिळतेजुळते पॉलिप (आतड्याच्या आतल्या आवरणावरच्या गाठी) असू शकतात आणि ते नेमके अशा थराखाली लपतात. डॉक्टर दुर्बिणीतून पाणी मारून थोडं धुऊ शकतात, पण घट्ट मळ आणि बिया त्यातून निघत नाहीत. दुर्बिणीची शोषणनळी साधारण ३-४ मिलिमीटर रुंद असते. पेरूच्या चार बियांनीसुद्धा ती तुंबते.

औषधांचे प्रकार

भारतात सगळ्यात जास्त दिली जाते ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. डॉक्टर तिला नुसतं 'पेग' म्हणतात. पेगलेक नावाचं १३७.१५ ग्रॅमचं पाकीट बहुतेक मेडिकलमध्ये मिळतं. एका पाकिटात सुमारे ११८ ग्रॅम पेग असतं आणि बाकीचे क्षार: मीठ, खाण्याचा सोडा, पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट. पाकीट बरोबर दोन लिटर पाण्यात विरघळवायचं. हे द्रावण शरीरातल्या पाण्याशी समतोल राहील असं बनवलेलं असतं. पेग आतड्यात शोषलं जात नाही आणि सोबतचं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे प्यायलेलं पाणी जवळपास तसंच खाली जातं आणि जाताना आतडं धुऊन नेतं. शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे हलत नाहीत. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांसाठी आणि वयस्करांसाठी डॉक्टर बहुधा हेच निवडतात ते याचसाठी. तोटा एकच, पण खरा: प्रमाण भरपूर आणि चव खारट. तो खारटपणा मुख्यतः सोडियम सल्फेटचा असतो.

मूळ पद्धत चार लिटरची आहे, म्हणजे दोन पाकिटं. आपल्याकडे अनेक ठिकाणी एकच पाकीट आणि आदल्या दिवशी बिसाकोडिलच्या जुलाबाच्या गोळ्या (डल्कोफ्लेक्स वगैरे) देतात. ज्यांचं पोट रोज साफ होतं त्यांना बहुधा तेवढं पुरतं. ज्यांना जुनी बद्धकोष्ठता आहे, त्यांना एका पाकिटाची चिठ्ठी मिळाली तर 'मला दोन-तीन दिवस होत नाही' हे त्यांनी तोंडाने सांगायला हवं. संकोचाने ही गोष्ट न सांगितल्यामुळे तपासणी वाया जाते.

पेगचाच दुसरा प्रकार म्हणजे त्यात व्हिटॅमिन सी मिसळलेलं द्रावण. शरीर जास्तीचं व्हिटॅमिन सी शोषून घेत नाही, ते आतड्यातच राहून पाणी ओढतं, त्यामुळे चार लिटरऐवजी दोन लिटर पुरतात. मात्र सोबत आणखी एक लिटर निवळ पातळ पेय प्यावंच लागतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी वाचकांना हे मूव्हीप्रेप या नावाने मिळेल. प्लेनव्हू हा त्याचाच एक लिटरचा, अधिक घट्ट प्रकार. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी व्हिटॅमिन सीचा प्रकार घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं, कारण त्यांच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

छोट्या बाटल्यांचा जोड येतो तो सल्फेटचा: सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं. भारतात कोलोप्रेप, अमेरिकेत सुप्रेप. एक बाटली सुमारे १७७ मिलिलिटरची असते. ती सोबतच्या पेल्यात ओतून पाण्याने सुमारे ४८० मिलिलिटरपर्यंत भरायची आणि प्यायची. मग पुढच्या तासाभरात तेवढंच पाणी आणखी दोनदा, म्हणजे सुमारे एक लिटर. दुसऱ्या बाटलीलाही हेच. इथे एक चूक वारंवार होते. बाटली लहान दिसते म्हणून लोक ती तशीच तोंडाला लावतात, किंवा वरचं पाणी गाळतात. पेगसारखं हे द्रावण समतोल नसतं, ते शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. वरचं एक लिटर त्या तुटीची भरपाई असते. ते टाळलं तर चक्कर, उलटी आणि डोकेदुखी होते आणि आतडंही नीट धुतलं जात नाही. चव खारट-आंबट आणि जरा उग्र असते, पण एकूण औषध कमी असल्याने अनेकांना हे पेगपेक्षा सोपं जातं. मूत्रपिंड चांगली असलेल्या, फार वय नसलेल्या माणसाला खर्च परवडत असेल तर ही निवड चांगली.

सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट हा चवीला सगळ्यात सुसह्य प्रकार, लिंबू-संत्र्याच्या सरबताजवळ जाणारा. पिकोप्रेप, पिकोलॅक्स ही त्याची नावं. एका पुडीत १० मिलिग्रॅम पिकोसल्फेट, ३.५ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि १२ ग्रॅम सायट्रिक ॲसिड असतं. पुडी १५० मिलिलिटर गार पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटं ढवळायची. ढवळताना पेला चांगलाच तापतो, घाबरू नका: ॲसिड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड एकत्र आले की उष्णता निघते. निवल्यावर प्या. पहिल्या पुडीनंतर काही तासांत सव्वा लिटर आणि दुसरीनंतर पाऊण ते एक लिटर पातळ पेय लागतं, आणि ते सगळं साधं पाणी नसावं. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. वयस्कर स्त्रियांना आणि पाणी उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. डोकं दुखणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, शेवटी झटका, असा त्याचा क्रम असतो. त्यामुळे निम्मं पेय क्षारांचं ठेवा: ओआरएस, मीठ घातलेलं निवळ सूप, मीठ-साखरेचं गाळलेलं लिंबूपाणी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं मॅग्नेशियम शरीरात साठतं. त्यांनी हा प्रकार घेऊ नये.

आता फॉस्फेटचं औषध. एक्झेलाइट या नावाने आपल्याकडे ते अजून लिहून दिलं जातं: ४५ मिलिलिटरचे दोन डोस, भरपूर पाण्यासोबत. ते स्वस्त आहे, प्रमाण थोडं आहे, आतडंही साफ होतं. तरीही आमचा सल्ला असा की दुसरा पर्याय असेल तर हे घेऊ नका. फॉस्फेट रक्तात शिरतं आणि कॅल्शियमसोबत मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत खडे होऊन बसतं. काहींची मूत्रपिंडं त्याने कायमची निकामी झालेली आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २००८ मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा दिला. पंचावन्नच्या पुढचं वय, मूत्रपिंडाचा आजार, अंगातलं पाणी कमी होणं, नावाच्या शेवटी '-प्रिल' किंवा '-सार्टन' असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाणी उतरवणाऱ्या गोळ्या, सांधेदुखीच्या आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे साठीच्या आसपासच्या किती जणांच्या डब्यात टेल्मिसार्टन असते ते पाहा, म्हणजे हे औषध किती जणांना चालणार नाही ते कळेल. चिठ्ठीवर ते दिसलं तर 'माझी बीपीची गोळी ही आहे, पेग चालेल का?' एवढं विचारा. आतड्याला सूज येण्याचा आजार, म्हणजे क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, तपासायचा असेल तरीही पेगच मागा. फॉस्फेट आणि पिकोसल्फेट कधीकधी आतड्यावर बारीक व्रण उठवतात आणि ते हुबेहूब क्रोनच्या व्रणासारखे दिसतात.

मॅनिटॉल हा जुना, स्वस्त पर्याय. ती एक प्रकारची साखरच. आतड्यातले जंतू तिच्यावर जगतात आणि हायड्रोजन, मिथेनसारखे ज्वलनशील वायू तयार करतात. पॉलिप विजेने कापताना ठिणगी पडून आतड्यात स्फोट झाल्याची आणि रुग्ण दगावल्याची घटना १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. पॉलिप काढायची शक्यता प्रत्येक कोलोनोस्कोपीत असते, त्यामुळे आमच्या मते मॅनिटॉलला इथे जागा नाही.

अमेरिकेत काही डॉक्टर मायरलॅक्सची, म्हणजे क्षारांशिवायच्या पेगची, २३८ ग्रॅमची बाटली सुमारे १.९ लिटर गेटोरेड या खेळाडूंच्या पेयात मिसळायला सांगतात. चवीला ते सोपं, पण तिथल्या नियामकाने या कामासाठी त्याला मान्यता दिलेली नाही आणि क्षारांचा समतोलही पेगलेकसारखा नसतो. तरुण, धडधाकट माणसापुरतं ठीक. सल्फेटच्या २४ गोळ्यांचा सुटॅब हा प्रकारही तिथे मिळतो. त्यात बारा-बारा गोळ्यांचे दोन डोस घ्यायचे असतात. चव टळते, पाणी मात्र टळत नाही.

घरगुती उपायांबद्दल लोक विचारतात. एरंडेल, त्रिफळा, सोनामुखी यांनी जुलाब होतात, पण दुर्बिणीला लागते तेवढी स्वच्छता येत नाही. शंखप्रक्षालनात कित्येक पेले मिठाचं पाणी प्यावं लागतं. रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांना एवढं मीठ थेट अपायकारक आहे. एनिमा, म्हणजे गुदद्वारातून सोडलेलं औषध किंवा पाणी, फक्त शेवटचा भाग धुतो, उजवीकडे पोचत नाही.

तीन दिवस आधीपासून काय खायचं

पोट नेहमी साफ होत असेल तर आदल्या दिवसाचं पथ्यही पुरतं असं अलीकडचं मत आहे. आपल्या जेवणात बिया, सालं आणि कोंडा इतका असतो की आम्ही तीन दिवस सांगतो; बद्धकोष्ठतेच्या रुग्णांना तर नक्कीच.

बंद करायचं ते हे: ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकऱ्या, सगळ्या पालेभाज्या, भेंडी, गवार, वांगं, टोमॅटो, काकडी, मटकी-हरभरा-वाटाणा अशी कडधान्यं, शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ, खसखस, जवस-कारळाच्या चटण्या, पेरू, डाळिंब, अंजीर, सीताफळ, सब्जा, अळीव आणि लोणचं. इसबगोलही बंद, पोट साफ व्हावं म्हणून लोक ते उलट वाढवतात आणि आतड्यात त्याचा लगदा साचतो. फोडणीतली मोहरी, जिरं, कढीपत्ता आणि वरची कोथिंबीर विसरू नका. साध्या वरणालाही फोडणी देऊ नका, हिंग-हळद-मीठ पुरे.

चालतं ते: पांढरा मऊ भात, तूप-मीठ, सालाशिवायच्या मूगडाळीचं पातळ वरण, दही, नुसतं मिठाचं ताक, इडली, पांढरा ब्रेड, सोलून उकडलेला बटाटा, अंडं, वाफवलेला किंवा भाजलेला मासा, चिकनचे तुकडे. रस्सा नको, त्यात वाटण असतं.

एकादशी किंवा नवरात्र मध्ये आलं तर उपवासाचं खाणं हलकं असतं असं धरू नका. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं, रताळं आणि राजगिरा दोन्ही तंतुमय आहेत. उपवास करायचाच असेल तर दूध, दही आणि उकडलेला बटाटा एवढ्यावर करा.

आदल्या दिवशी सकाळी भात-दह्याचा हलका नाश्ता, आणि त्यानंतर फक्त निवळ पेयं, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. निवळ म्हणजे पेल्यातून पलीकडची अक्षरं वाचता यावीत असं: पाणी, शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, गाळलेलं लिंबू सरबत, गाळलेला सफरचंदाचा रस, भाज्यांचं किंवा चिकनचं गाळलेलं सूप, ओआरएस. दूध, दुधाचा चहा, ताक, पेज हे निवळ नव्हे. लाल आणि जांभळ्या रंगाचं काहीही नको, म्हणजे कोकम सरबत, सोलकढी, गुलाबाचं सरबत, बीटाचा रस. आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचं पाणी घेऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

रोजच्या गोळ्यांचं काय

लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवा. लोहाने शौच काळं आणि डांबरासारखं चिकट होतं आणि दुर्बिणीची काच माखते. रक्त कमी आहे म्हणून कोलोनोस्कोपी करायला सांगितलेले बहुतेक जण लोह घेतच असतात, त्यामुळे हे डॉक्टरांनी सांगायचं राहिलं तर तुम्ही विचारा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. ज्यांनी त्या सुरू केल्या त्या हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात.

मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये एका गटाकडे खास लक्ष हवं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. उपासमार आणि पाणी कमी होणं या दोन्हींत या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि साखर फार वाढलेली नसतानाही हे होतं, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. त्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. मेटफॉर्मिनसोबतच्या एकत्र गोळ्यांतही त्या दडलेल्या असतात. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनची मात्रा त्या दिवसापुरती बदलावी लागते, आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. दर तीन-चार तासांनी बोटाच्या टोकाचं रक्त तपासा. साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच प्या. आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर तेही आधी सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

थायरॉइड, फिट्स आणि हृदयाच्या आवश्यक गोळ्या औषधाचा डोस सुरू करायच्या एक तास आधी घोटभर पाण्याने घ्या. डोस चालू असताना घेतलेली गोळी न विरघळताच वाहून जाते. बिसाकोडिल दुधासोबत किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेऊ नका. तिच्यावरचं आवरण पोटातच विरघळतं आणि मुरडा येतो.

वेळापत्रक

दुसरा डोस तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि किमान दोन तास आधी सगळं पिणं थांबवायचं. गुंगी किंवा भूल देणार असतील तर काही ठिकाणी याहून जास्त वेळ कोरडं पोट मागतात. तुमच्या रुग्णालयाचा नियम मोठा.

तपासणी सकाळी १० ला असेल तर: आदल्या दुपारी सांगितल्या असतील तर बिसाकोडिलच्या गोळ्या, संध्याकाळी ६ ते ७:३० पेगचा पहिला लिटर, रात्री निवळ पेय, पहाटे ५ ते ६:३० दुसरा लिटर, ८ पासून पाणीही बंद. तपासणी दुपारी ३ ला असेल तर पहिला लिटर सकाळी ६ ला आणि दुसरा ९:३० ला घेतला तरी चालतो, रात्रीची झोपही मिळते. चार लिटरचं औषध असेल तर प्रत्येक वेळी दोन लिटर आणि वेळ दुप्पट धरा.

साताऱ्याहून पुण्याला किंवा पालघरहून मुंबईला यायचं असेल तर सकाळची वेळ घेऊ नका. दुसरा डोस संपल्यावर दीड-दोन तास शौचाला जावं लागतंच. पहाटे पिऊन लगेच एसटीत बसणं शक्य नाही, आणि मग लोक पहाटेचा डोस सोडून देतात. दुपारची वेळ मागा, ९ ते १०:३० डोस घ्या आणि १२ ला निघा. सोबत मोठ्यांचा डायपर घालून निघणं शहाणपणाचं. याहून बरं म्हणजे आदल्या रात्री शहरातच नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळच्या लॉजवर राहायचं. चाळीत सामाईक संडास असेल तरीही हाच सल्ला: दोन मजले उतरून रात्री दहा वेळा जाणं साठीनंतर धोक्याचं आहे.

प्यायची रीत

पेगलेकचं पाणी अंदाजाने मोजू नका. पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या, मोठ्या पातेल्यात ओता, पावडर हळूहळू टाकत पळीने ढवळा. तळाशी पांढरा गाळ दिसेनासा झाला की परत त्याच बाटल्यांत भरा. आता एक बाटली रात्रीची, एक पहाटेची, हिशेब चुकत नाही. पावडर कोमट पाण्यात लवकर विरघळते, पण प्यायला गारच हवी. दुपारीच बनवून फ्रिजमध्ये ठेवा.

दर दहा-पंधरा मिनिटांनी २५० मिलिलिटर, म्हणजे एक मोठा पेला. प्रत्येक पेला तीन-चार दमांत संपवा. घोट घोट घेत बसलं की चव जिभेवर राहते आणि द्रावणाला वेगही मिळत नाही. जाड स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरून ओढलं की चव कमी लागते. पेल्यात लिंबू पिळा, अर्धा चमचा आल्याचा गाळलेला रस घाला, मधे लिंबाची फोड चोखा. साखर, मध, गूळ द्रावणात घालू नका. समतोल बिघडतो आणि आतड्यात वायू होतो. गिळायला त्रास होतो म्हणून पातळ पेयांत घट्टपणाची पावडर घालणाऱ्या रुग्णांनी पेगमध्ये ती घालू नये; स्टार्चची पावडर असेल तर मिश्रण उलट पातळ होतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तिसऱ्या-चौथ्या पेल्याला मळमळ येणं नेहमीचं. अर्धा तास थांबा, चाला, मग वीस-वीस मिनिटांच्या अंतराने पुढचं घ्या. उलटीची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली बरी. रात्री ११ ला मेडिकल शोधायची वेळ येऊ नये. थंडी वाजली तर पुढचे पेले साध्या तापमानाचे घ्या आणि मधे कोरा गरम चहा.

पहिल्या शौचाच्या आधीच गुदद्वाराभोवती खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. पुसण्यापेक्षा पाण्याने धुवा आणि मऊ कपड्याने टिपा. वयस्करांच्या खोलीपासून संडासापर्यंत दिवा चालू ठेवा, फरशी कोरडी ठेवा, कडी लावू देऊ नका. कमोडची खुर्ची भाड्याने मिळत असेल तर त्या रात्रीपुरती आणा.

काय बिघडतं, आणि मग काय करायचं

एक लिटर पोटात गेला तरी दोन तास काही होत नाही: बद्धकोष्ठतेत हे घडतं. पोट मऊ असेल, उलटी नसेल तर फिरा आणि पुढचं चालू ठेवा. पोट दगडासारखं ताणलेलं, तीव्र कळ, वारा सरत नाही आणि उलट्या, असं असेल तर पिणं तिथेच थांबवा आणि रुग्णालयात जा. आतड्यात अडथळा असेल तर जुलाबाचं औषध जिवावर बेतू शकतं. चक्कर येऊन पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीत धडधड, भरपूर लाल रक्त, यांतही घरी वाट पाहू नका.

दोन-तीन वेळा पाण्यासारखं झालं की 'आता साफ झालं' म्हणून उरलेलं औषध ओतून देणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कमोडमध्ये काय दिसतं ते पाहून ठरवा, आणि तरीही पूर्ण औषध प्या. तपकिरी गढूळ आणि त्यात कण, म्हणजे साफ नाही. नारिंगी, अर्धपारदर्शक, म्हणजे जवळ आलात. लघवीसारखं पिवळं, तळ दिसेल इतकं निवळ, म्हणजे झालं. पिवळा रंग पित्ताचा असतो, तो जात नाही. एखादा पांढरा चिकट धागाही चालतो. दुसरा डोस संपूनही तपकिरी पाणी येत असेल तर रुग्णालयाला फोन करा. तिथे जादा डोस किंवा एनिमा देऊन बहुधा त्याच दिवशी तपासणी करता येते. हे लपवून टेबलावर गेलं तर अर्ध्यावर थांबवून पुन्हा सगळं करावं लागतं.

तपासणीनंतरच्या रिपोर्टवर बोस्टन स्कोअर लिहिला आहे का ते पाहा. उजवा, मधला आणि डावा भाग यांना प्रत्येकी ० ते ३ गुण मिळतात, एकूण ९. प्रत्येक भागाला किमान २ आणि एकूण ६ किंवा जास्त असतील तर आतडं पुरेसं स्वच्छ होतं. त्याहून कमी असतील आणि रिपोर्टवर 'सगळं ठीक' लिहिलं असेल, तर पुन्हा कधी करायची हे डॉक्टरांना विचारा; अशा वेळी साधारण वर्षाच्या आत पुन्हा करायला सांगतात. कोणतं औषध, किती लिटर, किती वाजता घेतलं आणि गुण किती मिळाले, हे त्याच रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेच औषध द्यायचं की बदलायचं, डॉक्टर त्यावरून ठरवतात.